घर आपलंच समजा

कागलच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, माळावर पत्र्याची लांबलचक शेडं होती आणि त्यांत आमचं अख्खं गाव राहत होतं. मूळ गाव धरणात गेलं होतं. बुडलं असं आमच्यात कुणी म्हणत नसे. घरचं माणूस कामावर गेल्यासारखं ‘गाव धरणात गेलंय’ असंच म्हणायचे. सरकार जमीन देईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून ही शेडं. त्या तात्पुरत्यात आमच्या शकीचे पुढचे दात पडून नवे आले, आमच्या शेजारी एक लग्न झालं आणि त्याच जोडप्याच्या पोराचं बारसंही झालं. तरी कागदोपत्री आम्ही अजून तात्पुरतेच होतो.

शेडमध्ये दोन घरांच्या मधे पोती शिवून केलेला पडदा असायचा, त्यालाच आम्ही भिंत म्हणायचो. त्या भिंतीतून माणूस सोडून सगळं आरपार जायचं. एका घरात मिरची भाजली की सगळं शेड शिंकायचं, आणि शिंका थांबल्या की कुठूनतरी आवाज यायचा, “ठेचा केलाय वाटतंय, धाडा की जरा!” नवरा-बायकोचं भांडण सुरू झालं की पोरं हळूच गप्प बसायची, कारण पुढं मजा असे. एकदा आईनं दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, चांगलं फैलावर घेतलं होतं. दादा म्हणाले, “आता ह्यात माझी काय चूक?” तर चौथ्या पडद्यामागनं तुकातात्या खाकरले आणि म्हणाले, “चूक तुझीच हाय, गणपा. मी पयल्यापास्नं ऐकतोय.” तुकातात्या पायानं अधू होते आणि कानानं निम्मे. बाकी जगाचं त्यांना काही ऐकू येत नसे, पण आमच्या घरातलं भांडण स्वच्छ ऐकू यायचं.

डोंगरात आम्ही भात आणि नाचणीची भाकरी खाणारी माणसं. इथं माळावर जोंधळा. आई जोंधळ्याची भाकरी थापायची आणि ती कडेला चिरली की तिलाच रागवायची, “हिला वळणच न्हाय. माळावरची ती माळावरचीच.” शाळेत माळावरची पोरं आम्हाला ‘धरणवाली’ म्हणायची. “तुमच्या गावात आता मासं शाळंला जात्यात काय रं?” असं एकानं विचारलं, तेव्हा माझा चुलतभाऊ दिन्या म्हणाला, “व्हय, आन् तुझ्यापरास हुशार हायती.” दिन्या माझ्याच वयाचा, पण बोलणं साठ वर्षांच्या पुढाऱ्याचं. मोठी माणसं रात्रंदिवस जे बोलायची ते त्याच्या तोंडी बसलं होतं. अनोळखी माणूस दिसला, मग तो बर्फाचा गोळा विकणारा का असेना, दिन्या त्याच्या पुढ्यात उभा राहून विचारायचा, “आमच्या जागंचं काय झालं?” गोळेवाला बिचारा गाडी पुढं ढकलायचा.

आमचा खेळसुद्धा तसलाच. त्याला सायेब-सायेब म्हणायचो. एकजण पालथ्या डब्यावर साहेब होऊन बसायचा, बाकीचे रांगेत. ज्याची पाळी येईल त्यानं गाऱ्हाणं सांगायचं आणि साहेबानं न हसता म्हणायचं, “उद्या या.” हसला की साहेब बाद. शेंबडा बाप्या म्हणून आमच्यातला सगळ्यात बारका पोरगा होता, तो या खेळात कधी हरला नाही. त्याच्यापुढं कुणी कितीही वेडंवाकडं तोंड केलं, तरी तो नाकातला शेंबूड वर ओढून गंभीरपणे म्हणायचा, “उद्या या.” आमच्या घरची माणसं हा खेळ बघून पोट धरून हसायची. हसून झालं की मात्र त्यांची तोंडं कशीतरी व्हायची आणि कुणीतरी म्हणायचं, “जावा रं, दुसरं काय तर खेळा.”

आणि आमची शकी. माझी धाकटी बहीण, सहा-सात वर्षांची. तिचं गठुडं होतं.

गाव सोडलं त्या दिवशी शकी ओढ्याकडं शेजारच्या वासराचा निरोप घ्यायला गेली होती. दादांना वाटलं ती आईबरोबर मागच्या ट्रकमध्ये, आईला वाटलं ती दादांबरोबर पुढच्या. ट्रक सुटले. घाटाच्या तोंडाला पोचल्यावर कुणीतरी मागं बघितलं तर धुळीतून एक पोरगी पळत येतेय, आणि हातात भांड्यावरचं झाकण. पळता पळता रिकाम्या घरातनं जे सापडलं ते तिनं उचललं होतं. तिला वर घेतलं, आईनं छातीशी धरलं, दोघी रडल्या, सगळ्यांना वाटलं झालं. पण दुसऱ्या दिवसापासनं शकीनं आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गठुडं बांधलं आणि ते खाली ठेवीना. त्यात ते झाकण, एक फ्रॉक, फुटकी फणी, मूठभर नाचणी आणि दादांच्या जुन्या जोडीतली एकच चप्पल. शेजारी, पाण्याला, शाळेला, जाईल तिथं गठुडं बरोबर. सकाळी माळावर जाताना एका हातात टमरेल आणि डोक्यावर गठुडं. कोण म्हणालं, “शके, परसाकडं चाललीस का दिल्लीला?” तर ती शांतपणे सांगायची, “टरक आला म्हंजे?” गुरुजींनी गठुडं वर्गाबाहेर ठेवायला सांगितलं, तर तीच गठुड्याबरोबर वर्गाबाहेर बसली आणि दारातून बघत अख्खी बाराखडी शिकली. आईनं एकदा ते लपवून ठेवलं, त्या रात्री शकीला फणफणून ताप भरला. मग कुणी नादाला लागलं नाही. ती झोपायची तीसुद्धा उशाला गठुडं घेऊन, पायात चप्पल घालून, आणि हायवेवर ट्रकचा हॉर्न वाजला की उठून बसायची. हायवेवर ट्रक किती असतात ते सांगायला नको.

माझी नात आता पुण्याला मुलांच्या मनाविषयी काहीतरी शिकते. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आजी, याला एक नाव आहे.” मी म्हटलं, असेल बाई, आम्ही त्याला गठुडंच म्हणायचो.

तर त्या दिवशी काय झालं, की सगळी माणसं मोर्चाला कोल्हापूरला गेली. बापेच नव्हे, बायकाही. निघताना दादा म्हणाले होते, “आज जागंचा निकाल लावल्याबिगार परत यायचं न्हाय.” मागं राहिलो आम्ही पोरं आणि तुकातात्या. मला आईनं बजावलं, “हौसा, पोरांवर ध्यान ठेव. शकीला सोडू नको.” तात्या बाजेवर पडले आणि घोरायला लागले. आम्ही सायेब-सायेब मांडला. बाप्यानं दोघांना ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलं असेल-नसेल, तोच हायवे सोडून एक ट्रक आमच्या माळाकडं वळला. नुसता ट्रक नव्हे. पुढं केळीचे खुंट बांधलेले, आंब्याची डहाळी, झेंडूच्या माळा. आम्ही थिजून बघत राहिलो. दिन्या हळूच म्हणाला, “सरकारनं टरक सजवून धाडलाय.”

ते मुरगूडकडचं वऱ्हाड होतं, हुपरीला लग्नाला निघालेलं. इंजिन तापलं म्हणून डायव्हर आमच्या हौदावर पाणी घ्यायला थांबला होता. हे आम्हाला पुढं कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच, की ट्रकमधून नवी लुगडी नेसलेल्या बायका आणि फेटे बांधलेले बापे उतरून पाय मोकळे करतायत. डायव्हरनं पाणी भरलं, टोपण लावलं, हॉर्न दाबला आणि ओरडला, “चला, चला, बसा पटापटा! टायमात जागंवर पोचायचं हाय!”

जागेवर! हा शब्द आम्ही एवढी वर्षं दिवसातून शंभरदा ऐकत होतो. दिन्या पुढं झाला आणि पुढाऱ्याच्या आवाजात म्हणाला, “सायेब, जागंवर जायाचा टरक ह्योच का?”

“ह्योच की! मग काय दुसरा हाय?” डायव्हर म्हणाला. “बस लवकर, तुझ्यापायी अडलंय!”

मी काही म्हणायच्या आत शकी चढलीसुद्धा. ज्या पोरीला बाराखडी म्हणायला अर्धा तास लागायचा, ती गठुड्यासकट चाकावर पाय देऊन फळीवर होती. तिच्या मागं दिन्या, बाप्या, बाकीची चार-पाच पोरं. दादा सकाळी म्हणाले तसं झालं, निकाल लागला, मोठी माणसं तिकडून परस्पर जागेवर येणार, असंच मला वाटलं. तरी मी जाऊन तात्यांना हलवलं. “तात्या, टरक आलाय, आमी जागंवर चाललोय!” तात्या डोळे न उघडता म्हणाले, “जा, पर चटणी तेवढी झाकून ठेव.” मी चटणी झाकली आणि पळत जाऊन ट्रकात बसले.

वऱ्हाडात पोरं मोजायची पद्धत नसते. नवरदेवाच्या आत्याला वाटलं आम्ही मामाकडची, मामीला वाटलं आत्याकडची. एका म्हातारीनं शकीच्या गठुड्याकडं बघून कौतुक केलं, “अगं बया, आहेर सोताच घिऊन आलीया पोरगी.” मग ती शकीला मांडीवर घेऊन बसली. हुपरीच्या वेशीत ट्रक थांबला, तर पुढं ताशा-सनई, पाण्याच्या कळशा घेतलेल्या बायका, गूळपाणी. कपाळाला गंध लावला. बाप्याच्या नाकालाही थोडं लागलं. दिन्या माझ्या कानाशी म्हणाला, “हौसे, मोर्चाचा लई जोर झालेला दिसतोय.”

वऱ्हाडाला उतरायला नवरीच्या शेजारचं घर दिलं होतं. ते जैनूबी चाचींचं. घरात चांदीचे पैंजण घडवायचं काम. पण शेजारचं लग्न म्हणून त्या दिवशी हातोड्या थांबवलेल्या, जमीन सारवलेली, दाराला तोरण. चाची उंबऱ्यात उभ्या होत्या. जाडजूड, गोऱ्या, तोंडात पान, आवाज अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा. आत येणाऱ्या प्रत्येकाला त्या म्हणत होत्या, “या पावणं, या! लाजू नका. घर आपलंच समजा!”

शकी उंबऱ्यापाशी थांबली. वर बघून तिनं विचारलं, “खरंच आपलं?”

“व्हय गं माझे बाई,” चाची हसून म्हणाल्या, “तुझंच घर. कुठंबी बस, कुठंबी लोळ.”

शकी आत गेली. मोठी माणसं चहा पीत होती, फेटे सारखे करत होती. ती सगळ्यांच्या मधून घरभर हिंडली. भिंतीला हात लावून बघितला. ती खरी भिंत होती, मातीची, तिच्यातून काही ऐकू येत नव्हतं. मागल्या खोलीत खिडकीखाली एक कोनाडा होता. शकीनं खाली बसून गठुडं सोडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. झाकण, फणी, फ्रॉक, नाचणी, चप्पल, सगळं एकेक करून कोनाड्यात मांडलं आणि रिकामं फडकं झटकून, घडी घालून वर ठेवलं. मग मला म्हणाली, “हौसाक्का, भूक लागलीया.”

मुहूर्त उशिराचा होता म्हणून जेवणं आधीच होती, आणि आम्ही बसलो ते थेट नवरदेवाच्या पंगतीला. मसालेभात, वांग्याची भाजी, आमटी आणि बुंदी. बाप्यानं बुंदी दोन्ही हातांनी खाल्ली. वाढणाऱ्यांना बुंदी पुरेना, तेव्हा नवरीच्या चुलत्याच्या लक्षात आलं की पोरं जरा जास्तच दिसतायत. त्यानं विचारलं, “ही पोरं कुणाकडची?” नवरदेवाकडचे म्हणाले तुमच्याकडची असतील, नवरीकडचे म्हणाले तुमच्याकडची. तेवढ्यात नवरीकडचं कुणीतरी म्हणालं, “वऱ्हाड सांगितलं एक आन् आणलं दोन!” झालं! नवरदेवाच्या मामानं मिशीवर हात फिरवला आणि गरजला, “आमचीच हाईत ती! पोटच्यासारकी! वाढा, आनि बुंदी वाढा! का आटली तुमची कढई?” हे ऐकून नवरीचा चुलता चिडला आणि त्यानं ईर्षेनं आमच्या पानांत बुंदीचे डोंगर घातले. दोन घरांच्या अब्रूवर एवढं जेवण मी पुन्हा कधी जेवले नाही. दिन्या तर त्या चुलत्यालाच साहेब समजला. हात धुताना त्यानं त्याला गाठलं, “सायेब, म्हशी कुठं बांधायच्या? आन् शाळंला कुठनं जायाचं?” चुलता म्हणाला, “कुणाच्या म्हशी?” दिन्या म्हणाला, “आमच्या. उद्या येतील.” चुलता त्याच्याकडं बघत राहिला आणि हळूच मागं सरकला. वऱ्हाड म्हशी घेऊन येणार ही बातमी मग मांडवभर झाली.

अक्षता पडल्या, सगळी मांडवात गुंतली आणि आम्ही आमच्या घरी आलो. कामं पुष्कळ होती. शकीनं केरसुणी शोधून झाडून काढलं. दिन्यानं खोल्या वाटल्या: पुढची तुमची, मधली आमची, माळा बाप्याच्या घरच्यांना. परसात मी तीन दगड मांडून चूल केली, आई आल्या आल्या तिला चहा ठेवता यावा म्हणून. एक खोली तुकातात्यांची. ती लांबची दिली, म्हणजे त्यांना भांडणं ऐकू येणार नाहीत.

चाची आल्या तेव्हा बाप्या दारात पालथ्या घमेल्यावर बसला होता. चाची आत यायला लागल्या तसा तो म्हणाला, “उद्या या.”

“या अल्ला!” चाची म्हणाल्या आणि खो खो हसल्या. मग आत येऊन चूल बघितली, कोनाडा बघितला, दिन्याची वाटणी ऐकली. “अगो, तुमी हाईसा तरी कुणाची?”

“धरणाची,” मी म्हटलं.

“कसल्या धरणाची?”

मग मी सगळं सांगितलं. गाव, शेडं, मोर्चा, सजवलेला ट्रक. बोलता बोलता माझ्याच लक्षात यायला लागलं की काहीतरी घोटाळा झालाय, आणि माझा आवाज बारीक होत गेला. चाचींच्या तोंडातलं पान थांबलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. शकी त्यांच्यासमोर उभी होती. तिनं विचारलं, “तुमीच म्हणालासा न्हवं, घर आपलं समजा?”

“म्हणालो की,” चाची म्हणाल्या. आमच्याकडं बायकाही मी आलो, मी म्हणालो असंच बोलतात. “म्हणालो खरं.”

दादा दिवस मावळायच्या आत सायकल मारत पोचले. मोर्चात निकाल काही लागला नव्हता, नेहमीप्रमाणे ‘बघू’ झालं होतं. परत येऊन बघतात तर पोरं गायब. तात्यांना विचारलं, तर ते म्हणाले, “जागंवर गेल्यात. चटणी झाकलीया.” हौदाजवळ झेंडूची फुलं पडलेली, आणि हायवेवरच्या पानवाल्यानं वऱ्हाडाचा ट्रक हुपरीकडं जाताना बघितला होता. दादांचा शर्ट घामानं भिजला होता. त्यांनी आधी आम्हाला डोळ्यांनी मोजलं, मग हात उगारला, मग तोच हात तोंडावर धरून उंबऱ्यातच बसले. चाचींनी त्यांना पाणी दिलं.

“चला,” दादा थोड्या वेळानं म्हणाले. “शके, तुझं सामान भर.”

“मी न्हाई येत,” शकी म्हणाली. “घर गावलंय. आईला हितं घिऊन या.”

“आगं, ते त्यास्नीचं घर हाय. त्या नुसतं म्हणाल्या. असं म्हणत्यात.”

“नुसतं कसं?” शकीला खरंच कळेना. तिनं चाचींकडं बघितलं. “नुसतं म्हणालासा?”

बाहेर वरातीची तयारी चालली होती, कुणीतरी ताशाची दोरी ओढून बघत होतं. चाची उठल्या, शकीपुढं उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, “न्हाई बेटी. नुसतं न्हाई. जबान दिली ती दिली. घर तुझंच. पर माझी एक अडचण हाय. मला जायाला दुसरीकडं कुठं जागा न्हाई. तुला सरकारी जागा मिळस्तोवर तू आईपाशी ऱ्हा, आन् मी हितं ऱ्हाऊन तुझं घर झाडलोट करून ठेवतो. चालंल?”

शकीनं विचार केला. जागा नसणं म्हणजे काय ते तिला चांगलं ठाऊक होतं.

“बरं,” ती म्हणाली, “ऱ्हावा तुमी. पर माझ्या कोनाड्याला हात लावायचा न्हाई.”

“अल्लाची शपथ,” चाची म्हणाल्या, आणि दादांनी तोंड फिरवलं.

वरातीच्या ट्रकमधूनच आम्हाला परत सोडलं. मामानं हट्टच धरला, पोटची पोरं म्हणालोय तर पोचवणारच. पुढं नवरी बसली होती, नथीखालून हुंदके देत. सगळ्या बायका तिला समजावत होत्या आणि ती जास्तच रडत होती. ट्रक सुटायच्या आधी शकी रिकामे हात हलवत तिच्याजवळ जाऊन बसली.

“घर सोडून चाललीस?” शकीनं विचारलं.

नवरीनं मान हलवली.

“मी पण. रडू नको. आपलं कायतरी हितं ठेवलंस का?”

नवरी रडायची थांबली. “काय ठेवू?”

“काय बी. चप्पल ठेव एक.”

नवरी पदरात तोंड घालून हसायला लागली, ती कागल येईपर्यंत हसतच होती. त्या रात्री शकी पायातल्या चपला काढून झोपली. हायवेवर हॉर्न वाजत राहिले, आणि ती कूस बदलून पुन्हा झोपली. आई मात्र उठून बसली होती, तिच्याकडं बघत.

जमीन मिळायला पुढं बराच काळ गेला, आणि मिळाली तीही मुरमाड. तोवर हुपरीची एसटी होती. ईद आली की शकी ‘घर बघून येतो’ म्हणून आमच्यातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन निघायची. शिरखुर्मा पिऊन, मोरी तुंबलीय का, कौलं हललीत का बघून, चाचींना चार गोष्टी सुनावून परत यायची. चाची सगळं ऐकून घ्यायच्या.

शकीचं लग्न झालं, तिला सुना आल्या. मागं एकदा मी तिच्याकडं राहायला गेले होते, तेव्हा दारात एक पिकल्या दाढीचा माणूस मिठाईचा पुडा घेऊन उभा राहिला. चाचींचा थोरला. चाची फार थकल्यात, उठवत नाही म्हणाला. मग जरा घुटमळला.

“शकूताई, जुनं घर पाडून स्लॅब घालावा म्हणतोय. अम्मीनं धाडलंय. म्हणती, मालकिणीला इचारल्याबिगार भिंतीला हात लावायचा न्हाई.”

शकीनं चष्मा पुसला, पदर खोचला आणि त्याला बसायला पाट दिला.

“घाल की,” ती म्हणाली. “पर ती खिडकी आन् खालचा कोनाडा हाय तिथंच ठेव.”